‘पाच वर्षांनी बघू’ म्हणणाऱ्या वाचकाचे संपादकांना खुले पत्र

विज्ञान व तंत्रज्ञानाच्या बातम्या निवडणाऱ्या आणि त्यांना मथळे देणाऱ्या सर्व संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्याजवळ एक आखीव वही आहे. विज्ञानाची एखादी बातमी वाचून तोंडातून जो पहिला उद्गार निघतो, तो मी या वहीत जसाच्या तसा उतरवून ठेवतो. वर तारीख आणि मथळा, खाली उद्गार आणि त्याखाली दोन कोऱ्या ओळी, अशी प्रत्येक नोंदीची मांडणी असते. त्या दोन ओळी पुढे बातमीचे काय झाले ते कळल्यावर भरायच्या. पहिली नोंद सप्टेंबर २०११ ची आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनकेंद्रातून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटर दूर, इटलीतील ग्रान सासोच्या भूमिगत प्रयोगशाळेत, प्रकाशाला लागला असता त्यापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याची ती बातमी होती आणि माझा उद्गार होता, ‘‘चला, आइन्स्टाइनही चुकला!’’ खालच्या ओळी पुढच्या वर्षी वेगळ्या शाईने भरल्या आहेत: वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतील प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती, न्यूट्रिनोंनी प्रकाशाला मागे टाकलेले नाही. ही माहिती मात्र मला शोधून काढावी लागली. मी जे दैनिक घेत असे, त्यात आइन्स्टाइनला बसलेला धक्का पहिल्या पानावर होता आणि सैल जोडणी आतल्या पानावर, एका जाहिरातीच्या कुशीत, सहा ओळींत उरकलेली होती. आपले मोजमाप तपासून पाहावे, चूक असेल तर ती दाखवावी, असे आवाहन संशोधकांनी निष्कर्ष जाहीर करतानाच इतर शास्त्रज्ञांना केले होते, हेही मला तेव्हाच कळले. हे आवाहन मथळ्याच्या आसपास कुठे असते, तर माझा उद्गार निराळा झाला असता.

आपल्या व्यवसायातील अनेकांची वाचकांविषयी एक तक्रार असते आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. वाचक मथळ्यापुढे जात नाही, गेलाच तर दुसऱ्या परिच्छेदात थकतो आणि मग ‘‘यात नवीन ते काय’’, ‘‘पैसे उधळायचे धंदे’’, ‘‘पाच वर्षांनी बघू’’ अशी एखादी पिंक टाकून पुढच्या बातमीकडे वळतो. माझी वही अशा पिंकांनीच भरलेली असल्यामुळे मी आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो आहे, असेच समजावे. परंतु ही वही चाळताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. ज्याला आपण उथळ शेरा म्हणतो, त्याच्या पोटात बहुतेक वेळा एक रास्त प्रश्न दडलेला असतो. त्याचे उत्तर त्याच बातमीत देता आले असते, कित्येकदा संशोधकांनी ते दिलेलेही होते, आणि छपाईपर्यंतच्या वाटेवर ते कुठेतरी गळून पडले.

१० एप्रिल २०१९ ची नोंद पाहावी. एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे चित्र त्या दिवशी जगभर प्रसिद्ध झाले. माझा उद्गार असा आहे: ‘‘एवढा गाजावाजा करून फोटो हललेलाच!’’ माझ्या भाच्याने त्याच चित्राला जळता टायर म्हटले, आम्ही दोघे हसलो आणि विषय संपला. हे चित्र धूसर का असावे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे असे दोघांपैकी कोणालाच वाटले नाही, कारण आमच्यासमोर आलेल्या बातमीचा सारा भर ‘ऐतिहासिक’ या एका शब्दावर होता.

काही महिन्यांनी सवड काढून वाचले तेव्हा कळले की त्या धूसरपणातच खरी गोष्ट होती. दुर्बिणीला किती बारीक तपशील दिसू शकतो, हे लहरींची लांबी आणि दुर्बिणीचा व्यास या दोहोंवर ठरते. येथे लहरी १.३ मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी होत्या, आणि व्यास म्हणाल तर निरनिराळ्या खंडांवरच्या दुर्बिणी एकाच वेळी एकाच बिंदूवर रोखून जणू पृथ्वीएवढी एकच दुर्बीण उभी केली होती. हवाई ते स्पेन हे त्यातले अंतर दहा हजार किलोमीटरहून अधिक भरते. ते कृष्णविवर आपल्यापासून साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचे वस्तुमान साडेसहाशे कोटी सूर्यांएवढे असले, तरी त्याभोवतीचे तेजस्वी कडे आपल्याला चंद्रावर ठेवलेल्या एखाद्या संत्र्याएवढेच दिसते. या पृथ्वीएवढ्या दुर्बिणीला जो सर्वांत लहान ठिपका वेगळा ओळखता येतो, त्याच्या दुपटीइतकेही ते कडे रुंद नव्हते. फोटो हललेला नव्हताच. त्या कामाला आपली पृथ्वी लहान पडली होती.

निरीक्षणे एप्रिल २०१७ मध्ये झाली होती. जमलेली माहिती इतकी प्रचंड होती की ती इंटरनेटवरून पाठवण्यापेक्षा हार्ड डिस्क विमानात घालून नेणे सोयीचे ठरले, आणि त्यातही दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या डिस्क तिथला हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत अडकून पडल्या, त्या डिसेंबरात पोहोचल्या. चित्रातला नारिंगी रंग तर मुळात तिथला नाहीच. रेडिओलहरींना रंग नसतो, तो डोळ्यांच्या सोयीसाठी चढवलेला आहे. ‘पृथ्वी लहान पडली म्हणून चित्र धूसर आहे’ एवढे एक वाक्य चित्राखाली छापले असते, तर माझ्यासारख्या वाचकाने टायर सोडून त्या वाक्याचाच विचार केला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. टायरचा विनोद तरीही झाला असता, हे कबूल करतो. विनोदाला माझी हरकतही नाही.

याहून अधिक खंत वाटावी अशी नोंद २०२५ च्या फेब्रुवारीतील आहे. २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडलेला ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस एक टक्क्यावर गेली, वाढत वाढत १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोहोचली आणि त्यानंतर आठवडाभरातच शून्याच्या अगदी जवळ आली. वहीत तीन दिवसांचे तीन उद्गार आहेत: ‘‘आता विमा कशाला काढायचा’’, ‘‘वाढतेच आहे की’’ आणि ‘‘यांना काही कळत नाही, उगाच घाबरवतात’’. हा तिसरा उद्गार त्या आठवड्यात मी अनेकांच्या तोंडून ऐकला, आणि सगळ्यांत चुकीचाही तोच होता.

वस्तुतः त्या काळात जे घडले, ते गणित नेमके बरोबर चालल्याचे लक्षण होते. नव्याने सापडलेल्या लघुग्रहाची कक्षा सुरुवातीला ढोबळच माहीत असते. त्यामुळे आठ वर्षांनंतरच्या एका दिवशी तो कुठे असेल, याच्या शक्य जागा अवकाशात एका लांबच लांब पट्ट्यावर पसरलेल्या असतात. हा पट्टा म्हणजे एक लांब दोरी आणि पृथ्वी म्हणजे तिच्यात ओवलेला एक मणी, असे समजावे. दर रात्रीच्या निरीक्षणांनी दोरीची टोके कापली जातात. मणी तेवढाच राहतो आणि दोरी आखूड होत जाते, म्हणून उरलेल्या दोरीत मण्याचा वाटा वाढत जातो. मग एखाद्या रात्रीच्या कापात मणीच बाहेर पडतो आणि वाटा एकदम शून्य होतो. अशा वेळी आकडा आधी चढतो आणि मग कोसळतो, हे त्या विषयातल्या मंडळींना पुरते ठाऊक होते आणि त्यांनी ते सांगितलेही होते. मी वाचलेल्या बातम्यांत मात्र दररोजचा नवा आकडा तेवढा ठळक होता, बाजारभावासारखा. तो का चढतो आहे याला जागा नव्हती. आकडा कोसळला तेव्हा वाचकाला ती माघार वाटली, आणि माघार घेणाऱ्यावर पुढच्या खेपेस कोण विश्वास ठेवतो? पुढची खेप खरी असू शकते, म्हणून हा मुद्दा मला नुसत्या करमणुकीचा वाटत नाही.

आकड्यांचाच विषय निघाला आहे, तर १३ डिसेंबर २०२२ ची घोषणाही पाहू. अमेरिकेतील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या प्रयोगशाळेत अणुसंमीलनातून, म्हणजे सूर्यात घडते तशी हलक्या अणूंची केंद्रे जोडून, घातलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा मिळाली, ही बातमी ‘प्रयोगशाळेत सूर्य’ या थाटात आली आणि माझा उद्गार होता, ‘‘मग वीजबिल कधी कमी होणार?’’ त्यावर हसण्याऐवजी कोणी तो प्रश्न गांभीर्याने घेतला असता, तर उत्तर सोपे होते. लेझरने इंधनाच्या गोळीपर्यंत २.०५ मेगाज्यूल ऊर्जा पोहोचवली आणि संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. ते लेझर चालवायला विजेच्या जाळ्यातून मात्र सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावी लागली. वीजमीटरवरचे एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे त्र्याऐंशी युनिटे खर्चून एक युनिटही पुरते हाती आले नाही. तरीही तो प्रयोग मोठाच होता, कारण लेझरने पोहोचवलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा संमीलनातून मिळाल्याचे त्याआधी कोणत्याही प्रयोगशाळेत घडले नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच बातमीत शेजारी शेजारी बसू शकतात, आणि वाचकाला त्या पेलतात. पहिली लपवून दुसरी सांगितली की वाचक काही वर्षांनी बिलाकडे पाहतो आणि दुसरीवरचाही विश्वास सोडून देतो.

कधी कधी तर उडता शेराच सर्वांत चांगले परीक्षण ठरतो. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी सामान्य तापमानाला व सामान्य दाबाला अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा आणि चुंबकावर तरंगू शकणारा, ‘एलके-९९’ हा पदार्थ सापडल्याचा दावा केला, आणि चुंबकावर तरंगणाऱ्या एका काळसर तुकड्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. भाच्याने ती पाहून विचारले, ‘‘तरंगतोय म्हणता, मग एक कोपरा टेकवून का बसलाय?’’ त्याचे पदार्थविज्ञान शाळेतच संपलेले आहे, पण बोट त्याने बरोबर जागी ठेवले होते. ऑगस्ट सरता सरता निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिले की अर्धवट उचलले जाण्याचे काम साध्या चुंबकत्वाने होऊ शकते, आणि विद्युतरोध एकाएकी घसरतो तो नमुन्यात भेसळ म्हणून असलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, ज्याची रचना सुमारे १०४ अंश सेल्सिअसला बदलते. जर्मनीत त्याच पदार्थाचे शुद्ध स्फटिक बनवले गेले, तेव्हा ते चक्क विद्युतरोधक निघाले. त्या आठवड्यांत दाव्याच्या बातम्या धो धो आल्या. कोपऱ्याचा प्रश्न उचलून धरणारी बातमी मला तरी फार उशिरा दिसली.

सगळा दोष वृत्तकक्षाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील २० विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रके, त्यांमागचे मूळ शोधनिबंध आणि त्यांवरून झालेल्या बातम्या शेजारी ठेवून पाहता असे आढळले की ४० टक्के पत्रकांत सल्ला, ३३ टक्क्यांत कार्यकारणाचा दावा आणि ३६ टक्क्यांत प्राण्यांवरून माणसांविषयी काढलेला निष्कर्ष मुळापेक्षा फुगवलेला होता. म्हणजे फुगा आपल्यापर्यंत येण्याआधीच भरलेला असतो. त्यातला पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पत्रकात प्राण्यांवरून माणसांवर उडी मारलेली असेल, तर ८६ टक्के बातम्यांनी तीच उडी मारली. पत्रक संयमी असेल, तेव्हा केवळ १० टक्क्यांनी. यावरून दोन गोष्टी दिसतात: वृत्तकक्ष मुळात खोटेपणा करीत नाही, आणि तो मूळ निबंध उघडूनही पाहत नाही. ‘उंदरांमध्ये’ हा पाच अक्षरी शब्द मथळ्यात मावत नाही, हे कारण मला पटत नाही.

टक्क्यांबाबतही हेच घडते. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला तंबाखूच्याच गटात टाकले आणि रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असे सांगितले. ‘‘मग काही खाऊच नये का?’’ हा त्यावरचा माझा उद्गार. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. आणि आयुष्यभरात शंभरांपैकी पाच जणांना होणारा आजार १८ टक्क्यांनी वाढला, तर तो सहा जणांना होतो. पाचाचे सहा छापले असते, तर खायचे की नाही हे वाचकाने स्वतःचे स्वतः ठरवले असते.

उडती प्रतिक्रिया ही वाचकांचीच मक्तेदारी आहे असेही कोणी समजू नये. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकीय पानाने रॉकेटवर संशोधन करणारे प्राध्यापक रॉबर्ट गॉडार्ड यांची खिल्ली उडवली. निर्वात पोकळीत रॉकेटला रेटा द्यायला समोर काहीच नसते, ही शाळकरी गोष्टही या प्राध्यापकांना ठाऊक नाही, असा त्या लेखाचा रोख होता. प्रत्यक्षात रॉकेटला रेटण्यासाठी हवा लागत नाही. मागे फेकलेल्या वायूची प्रतिक्रियाच त्याला पुढे ढकलते. त्या वृत्तपत्राने चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर गॉडार्ड यांना जाऊन जवळजवळ २४ वर्षे झाली होती. तरी मला त्या दैनिकाचे कौतुकच वाटते, कारण ४९ वर्षांनी का होईना, कोणीतरी जुने पान काढले आणि त्याखालची कोरी ओळ भरली.

‘‘याचा उपयोग काय?’’ या प्रश्नाचेही तसेच आहे. तो उर्मट वाटतो, पण त्याचे खरे उत्तर पुष्कळदा तीस वर्षांनी येते आणि तोवर प्रश्न व उत्तर यांची गाठ पडत नाही. १९८७ मध्ये जपानी संशोधकांना एका जिवाणूच्या डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणारा विचित्र तुकडा दिसला. त्याचा अर्थ त्यांना लागला नाही आणि तसे त्यांनी लिहून ठेवले. नव्वदीच्या दशकात स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांना खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांत तसलेच तुकडे सापडले आणि ते त्यांचाच पाठपुरावा करत राहिले. त्या धाग्याचे दुसरे टोक म्हणजे क्रिस्पर हे जनुकसंपादनाचे तंत्र: २०१२ चा शोधनिबंध, २०२० चे नोबेल आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सिकलसेल व बीटा थॅलेसेमिया या आजारांवर त्या तंत्राने केलेल्या उपचाराला ब्रिटनमध्ये मिळालेली मान्यता. औषधाच्या बातमीत खाऱ्या पाण्यातल्या त्या सूक्ष्मजीवांचा एका ओळीत उल्लेख झाला, तरी ‘‘पैसे उधळायचे धंदे’’ म्हणणारा वाचक पुढच्या वेळी क्षणभर थांबेल. निदान मी तरी थांबलो आहे.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. वाचकांना शहाणे करण्याच्या मोहिमा नकोत, ‘विज्ञान सोपे करून’ सांगणाऱ्या चौकटीही नकोत. त्या आम्ही वाचत नाही. बातमी देताना वाचकाचा पहिला शेरा काय असेल, याचा अंदाज आपल्याला पक्का असतो, कारण आपणही त्याच बातमीवर चहा पिताना तोच शेरा मारलेला असतो. त्या शेऱ्याचे उत्तर दुसऱ्या परिच्छेदात द्यावे. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, एका प्रयोगशाळेत की अनेक, तुलना कशाशी, हे मथळ्यातच किंवा मथळ्याला लागून असावे. आणि दाव्याला जेवढी जागा दिली, तेवढीच त्या दाव्याच्या शेवटालाही द्यावी, मग तो शेवट यशाचा असो, फजितीचा असो वा ‘अजून काही ठरलेले नाही’ असा असो. शेवटचा प्रकार छापायला सर्वांत कंटाळवाणा आहे, हे मी समजू शकतो. माझ्या वहीत त्याच नोंदी सर्वाधिक आहेत.

त्यातल्या बऱ्याचशा बॅटऱ्यांच्या आहेत. पाच मिनिटांत भरणारी, हजारो वेळा भरली तरी न थकणारी, लिथियमऐवजी आणखी कशावर तरी चालणारी, अशा अनेक बॅटऱ्या मी मोठ्या उत्सुकतेने उतरवून घेतल्या; पुढे पुढे उद्गाराच्या जागी नुसते ‘वरीलप्रमाणे’ लिहू लागलो. त्यांतल्या काही बारगळल्या असतील, काही कारखान्यापर्यंत पोहोचल्या असतील, आणि एखादी या क्षणी माझ्याच खिशातल्या फोनमध्ये असेल, तर तेही मला कळायला मार्ग नाही. आपल्या जुन्या अंकांत त्या बातम्या तारखेनिशी आहेत, बातमीदारांकडे संशोधकांचे पत्ते आहेत. एक दूरध्वनी पुरेल. सुरुवात कोणत्या नोंदीपासून करावी हे आपण ठरवावे. मला कोणतीही चालेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक

सोबत: वहीतील ज्या नोंदींखालच्या ओळी अद्याप कोऱ्या आहेत, त्यांची तारीखवार यादी.